केसपेपरवर नुसतं ‘पुरळ’ लिहू नकोस

अगं, ‘अंगावर पुरळ’ एवढंच लिहिलंस तर राउंडला पहिला प्रश्न तुलाच येणार, कसलं पुरळ? ग्लोव्ह घालून त्यावरून बोट फिरव. हाताला काहीच लागलं नाही, नुसता रंग बदललाय, तर मॅक्यूल. बारीक टणक उंचवटा लागला तर पॅप्यूल. पाणी भरलेला छोटा फोड व्हेसिकल, मोठा असला तर बुला. पित्ताच्या गांधी काही तासांत जागा बदलतात, म्हणून वेळही टाक. लाल ठिपके दाबूनही फिके होत नसतील तर लिहीत बसू नकोस, आधी डॉक्टरांना बोलाव.

भाजलेलं मोजताना पेशंटचाच तळहात, बोटांसकट, अंगाच्या एकूण कातडीच्या साधारण 1 टक्का धर. तुझा नव्हे! नवीन असताना मी एका लहान पोराचं माझ्या हाताने मोजलं आणि टक्के भलतेच कमी लागले. नुसती लाली त्यात धरायची नाही. आणि ‘दुखत नाही’ म्हणाला म्हणून हायसं वाटून घेऊ नकोस; पांढरट, चामड्यासारखी झालेली कातडी दुखत नाही कारण तिथल्या दुखणं कळवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. टूथपेस्ट फासून येणारे तर रोज भेटतील. ताजं भाजलेलं असेल तर 20 मिनिटं नळाखाली. बर्फ नाही.