शेवटच्या वेळी फादर नव्हते

"फादर पोहोचले नाहीत हो. आता त्यांचं काय होणार?" कॅथलिक घरांमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला फार वेळा ऐकू येतो. कधी अपघात होतो, कधी रात्रीत हार्ट अटॅक येतो, कधी आयसीयूचं दार बंद असतं. कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, राहून जातं, तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) होत नाही, ख्रिस्तप्रसाद मिळत नाही, आणि मागे राहिलेलं माणूस वर्षानुवर्षं त्या न झालेल्या गोष्टींपाशीच उभं राहतं. म्हणून इंदूरमधल्या एका मावशींची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी मूळच्या वसईच्या. यजमानांच्या नोकरीमुळे लग्नानंतर इंदूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हिंदीतून, बाजारहाट माळवी वळणाच्या हिंदीतून, पण जपमाळ कायम मराठीत. एप्रिल २०२१ मध्ये यजमानांना कोविड वॉर्डात हलवलं आणि आठवड्याच्या आत ते गेले. दफनाला एकटा मुलगा, तोही पीपीई किट घालून. मावशी स्वतः तापानं घरी पडून होत्या.

दोन वर्षांनी सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली. तिची तक्रार सरळ होती. "मम्मी दिवसभर मरणाचंच वाचतात. तुम्ही सांगा, ते वाचणं बंद करा म्हणून." फोनवर रोज पहाटे दैनिक चिंतन येतं. त्यात त्या दिवसाचं शुभवर्तमान, थोडा विचार आणि एक प्रार्थना असते. मरण, न्याय, स्वर्ग यांवरचं जे जे येई ते मावशी वहीत उतरवत आणि पुन्हा पुन्हा वाचत. नातवाच्या वाढदिवसाला केक कापायच्या वेळी त्या उठून आतल्या खोलीत गेल्या, जपमाळ राहिली होती म्हणून. सून हे सांगताना रडली.

वाचन बंद करा, असं मी सांगितलं नाही. आपल्या रोजच्या प्रार्थनेत मरण आहेच. 'नमो मारिया' संपते ती 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' अशी विनवणी करत, आणि दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांच्या एका जपमाळेत ती ५३ वेळा म्हटली जाते. झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत बायबलमधल्या म्हाताऱ्या शिमोनाचं गीत आहे, 'प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे' अशा अर्थाचं. मरणाची आठवण ठेवणं ही श्रद्धावंताची जुनी शिस्त आहे. ते चिंतन संपल्यावर माणूस पुढे काय करतो, हे मला पाहायचं असतं.

त्याआधी झोप, भूक, वजन विचारलं. मग सरळच विचारलं, "मावशी, जीव द्यावा असं मनात येतं का?" घरचे लोक हा प्रश्न टाळतात. विचारल्यानं तसं काही डोक्यात शिरेल, अशी त्यांना भीती वाटते. तसं होत नाही, उलट माणूस मोकळं होतं. (कुणाच्या मनात असं येत असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर कधीही फोन करता येतो.) मावशी दचकल्या. "छे! मी गेले तर त्यांच्यासाठी कोण करणार?"

या उत्तरानं मला वहीकडे नेलं. पुढच्या वेळी त्या ती घेऊन आल्या. मागच्या पानांवर रेघाच रेघा होत्या. इतक्या जपमाळा, इतक्या मिस्सा, इतक्या शुक्रवारचे उपास. एखादा दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट. जपात मन भरकटलं की त्या जपमाळेवर फुली, आणि ती पहिल्यापासून पुन्हा. रात्री दोन-दोन वाजत.

हे चिंतन नव्हतं, ही धास्ती होती. चर्चला ती शतकानुशतकं ठाऊक आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला राहत असताना तीच तीच पापं पुन्हा पुन्हा कन्फेशनमध्ये सांगत, तरी समाधान होईना. जीव द्यावा इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. आजचे डॉक्टर अशा धार्मिक धास्तीकडे बऱ्याचदा ओसीडीचं, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं, एक रूप म्हणून पाहतात. शिवाय सहा महिन्यांनंतरही तितकंच तीव्र राहून रोजचं जगणं अडवणारं दुःख ही उपचार लागणारी अवस्था आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात नोंदलेलं आहे. म्हणून मावशींना मी मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. प्रार्थनेवर विश्वास असणाऱ्यानं औषध घेऊ नये, हे मला अजिबात मान्य नाही.

पण एवढा हिशेब कशासाठी? ते बाहेर यायला वेळ लागला. यजमान कित्येक वर्षं कन्फेशनला गेले नव्हते. सणाला मिस्सा, बाकी घरातल्या प्रार्थनेला बसले तर बसले. वॉर्डातून शेवटचा फोन आला तेव्हा धाप लागलेली होती. ते म्हणाले, "माझी जपमाळ पाठवून दे." आणि तापानं, काळजीनं वैतागलेल्या मावशी बोलून गेल्या, "आता आठवली का जपमाळ?" त्यानंतर बोलणं झालंच नाही.

दोन वर्षं हे वाक्य त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही. त्यांच्या लेखी, नवरा शेवटी देवाकडे वळत होता आणि त्यांनीच त्याला दारातून परत पाठवलं होतं. वहीतली प्रत्येक रेघ त्या वाक्याची भरपाई होती.

त्या बराच वेळ रडल्या. मग मी विचारलं, "मावशी, जपमाळ कुणी मागितली?"

"त्यांनीच."

"कुणी सांगितलं होतं त्यांना?"

"कुणीच नाही." आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. स्वतःच्या वाक्याच्या ओझ्याखाली त्यांनी नवऱ्याचं वाक्य कधी नीट ऐकलंच नव्हतं. जपमाळ पोहोचली का? मुलानं चार्जरबरोबर पिशवीत घालून वॉर्डबॉयकडे दिली होती. पुढचं कुणालाच माहीत नाही, आणि पोहोचली असेल असं खोटं आश्वासन मी दिलं नाही.

चर्चच्या शिकवणीबद्दलचे प्रश्न मी फादरांवर सोपवते. मावशींच्या संमतीनं फादरांशी बोलले आणि मग त्या स्वतः जाऊन बसल्या. फादरांनी त्यांना मार्च २०२० चा व्हॅटिकनचा आदेश समजावला. कोविडच्या काळात मरणाच्या दारात असलेल्या आणि संस्कार मिळू न शकलेल्या विश्वासूंना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं आणि पापांच्या दंडातून पूर्ण सूट, म्हणजे प्लीनरी इंडल्जन्स देतं, असं त्यात आहे. मनाची योग्य तयारी असावी आणि आयुष्यात काही प्रार्थना नेमानं म्हटलेल्या असाव्यात, एवढीच अपेक्षा. कन्फेशनसारख्या नेहमीच्या अटींची उणीव चर्च भरून काढतं. क्रूस जवळ ठेवावा, असंही सुचवलेलं आहे. मावशी म्हणाल्या, "जपमाळेला क्रूस असतोच की."

येशूच्या शेजारी क्रूसावर असलेल्या चोराचीही आठवण निघाली. त्यानं एक वाक्य उच्चारलं आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळवलं. आणि मावशींनी आपल्याच भागात काम केलेल्या सिस्टर रानी मारियांचं नाव काढलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येताना त्यांना बसमधून ओढून भोसकून मारलं, तेव्हा जवळ कोण फादर होते? २०१७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केलं गेलं, तो सोहळा इंदूरलाच झाला. "हुतात्म्यांची गोष्ट वेगळी, कळतं मला," त्या लगेच म्हणाल्या. "पण त्यांच्या सख्ख्या बहिणीनं मारणाऱ्याला राखी बांधली ना? माणसं एवढं करू शकतात, तर देव काय माझ्या माणसाचं फक्त कन्फेशन बघेल?" हे त्यांचं त्यांना सुचलं, म्हणूनच ते टिकलं.

मात्र नंतर एक अवघड प्रश्न आला. "मग मी केलेल्या एवढ्या जपमाळा फुकट का?" फादरांनी पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या ३० नोव्हेंबर २००७ च्या आशेवरच्या परिपत्राचा आधार घेतला. मरणानंतरचं शुद्धीकरण आपल्या घड्याळानं मोजता येत नाही, आणि दुसऱ्यासाठी प्रार्थना करायला कधीच उशीर झालेला नसतो, असं ते म्हणतात. म्हणजे एकही जपमाळ फुकट नाही. पण किती उरल्या हे मोजणारं वरती कुणी बसलेलं नाही. मृतांसाठी प्रार्थना हा चर्चमध्ये जिवंत आणि गेलेल्या माणसांचा संबंध आहे. आपण त्यांच्यासाठी मागतो, ते आपल्यासाठी मागतात. फादरांनी मावशींना स्पष्ट नेम दिला: दिवसाला एक जपमाळ, मन भरकटलं तरी पुढे जायचं, पुन्हा म्हणायची नाही. धास्तीच्या माणसानं एकाच मार्गदर्शकाचं ऐकावं, हा आपल्याकडचा जुना सल्ला आहे. माझा अनुभव असा की तो उपचारांच्या आड येत नाही. 'पुन्हा करायचं नाही' हेच मीही त्यांच्याकडून घोटून घेत होते. पहिले दिवस फार कठीण गेले. छाती धडधडायची, त्या फोन करायच्या, मी म्हणायचे, "धडधडू दे, मावशी, उठू नका."

चिंतनालाही आम्ही वेगळी दिशा दिली. इग्नेशियस एक रीत सांगतात: आपण मरणशय्येवर आहोत अशी कल्पना करा, आज आपण काय ठरवलेलं असतं तर तेव्हा बरं वाटेल ते पाहा, आणि ते आज करा. मी हे विचारल्यावर मावशी स्वर्गाबद्दल काही बोलतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "नणंदेशी बोललेली असायला पाहिजे मी." दफनाची बातमी उशिरा कळवली म्हणून वसईची नणंद तेव्हापासून अबोला धरून होती. फोन लागला, आणि सुरुवातीला दोघी कडाकडा भांडल्या. पण तो अबोला संपला.

२ नोव्हेंबरला, सर्व मृत विश्वासूंच्या दिवशी, मावशी पहिल्यांदा कबरीवर गेल्या. 'आता आठवली का' हे वाक्य त्यांनी तिथे मुलासमोर सांगितलं आणि यजमानांची माफी मागितली. मुलाला ते वाक्य तेव्हाच कळलं. तो म्हणाला, "डॅडींना तुझा स्वभाव माहीत नव्हता का?"

दैनिक चिंतन अजून चालू आहे, सकाळी एकदा, सगळ्यांच्या चहाच्या वेळी मोठ्यानं. वही फेकली नाही, पण रेघा बंद आहेत. एप्रिल अजून जड जातो, गोळी चालू आहे आणि महिन्याला एकदा त्या येतात. यंदाच्या स्मरण-मिस्साची तारीख मुलानं घेतली आहे. नणंद वसईहून येणार आहे. जेवणाला किती माणसं बोलवायची यावर सासू-सुनेचं एकमत होत नाही, असं मला परवा सुनेनं फोनवर सांगितलं.