वडिलांची ब्रनो आणि ओंटारिओतला शस्त्र परवाना

घणसोलीहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ओंटारिओला स्थायिक व्हायला येताना वडिलांची ब्रनो, म्हणजे चेक बनावटीची .२२ रायफल, सोबत आणावी का, आणि क्लबात एअर पिस्तूल चालवणाऱ्याला येथे जुन्या टार्गेट पिस्तुलांचा संग्रह करता येईल का. शुल्क आणि अर्जांचे नमुने सरकारी संकेतस्थळावर आहेत, त्यात वेळ घालवत नाही. मी नौपाड्यात वाढलो आणि आमच्याही घरी ब्रनो होती, म्हणून उत्तर जरा लांबेल.

पिस्तुलांचे आधी सांगतो. २१ ऑक्टोबर २०२२ पासून कॅनडात खासगी व्यक्तीला पिस्तूल विकत घेणे किंवा दुसऱ्याच्या नावे करणे बंद आहे; आयात त्याआधी, ऑगस्टमध्येच बंद झाली. ऑलिंपिक प्रकारांत उतरणाऱ्यांना क्रीडा संघटनेच्या पत्रावर सवलत मिळते, संग्राहकाला नाही. कोल्ट वुड्समन, हॅमर्ली २०८ ही तुम्ही लिहिलेली पिस्तुले ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच राहिली आहेत आणि म्हाताऱ्या मालकांना ती मुलांनाही देता येत नाहीत. एक वाट मात्र उघडी आहे. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला १५२.४ मीटरच्या आत असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि १९६०-७० च्या दशकांतली स्पर्धेची एअर पिस्तुले बहुधा या मर्यादेत बसतात. फाइनवेर्कबाऊ ६५ हे जर्मन एअर पिस्तूल मिळाले तर सोडू नका. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची. चाप दाबताच नळीसकट वरचा भाग रुळांवरून किंचित मागे सरकतो आणि धक्का मुठीपर्यंत पोहोचतच नाही.

रायफलींची गोष्ट उलट आहे. भारतात खासगी आयात बंद झाल्यापासून चांगल्या ब्रनोला तोंडाला येईल ती किंमत सांगतात. येथे कोबर्ग गावात बनलेल्या कुई .२२ रायफली बंदुकीच्या दुकानात मागच्या रांगेत धूळ खात उभ्या असतात. माझी आवडती कुई ८२ ही दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या सरावासाठी केलेली. बोल्ट बंद केल्याने ती सज्ज होत नाही, मागची गाठ चिमटीत धरून वेगळी ओढावी लागते, आणि डिसेंबरात बोटे बधिर झाली की ती हमखास निसटते. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली, नागरिकांना निषिद्ध असलेली थ्री-नॉट-थ्री येथे हरणाच्या शिकारीची साधी रायफल आहे. बहुतेकींचे पुढचे लाकूड शिकाऱ्यांनी कापून टाकलेले असते; अखंड लाकडाची दिसली तर घासाघीस करू नये, असे माझे मत आहे.

येथल्या परवान्याच्या अर्जात, गेल्या दोन वर्षांत घटस्फोट झाला का, नोकरी गेली का, हे विचारतात. माझी गेली होती आणि मी ते खरे लिहिले. मग फोन आला आणि मला केवळ कागदावर भोके पाडायची आहेत, हे एका अनोळखी आवाजाला पटवत मी अर्धा तास स्वयंपाकघरात उभा होतो. अर्जावर पत्नीचीही सही मागतात. हिने सही करताना विचारले, ‘बाबांची आणता येत नाही म्हणून आता लोकांच्या बाबांच्या गोळा करायच्या का?’ त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

एकटेपणाचेही तुम्ही विचारले आहे. रेंजवर माणसे भेटतात, लक्ष्याचे कागद बदलेपर्यंत हवापाण्याचे बोलतात आणि घरी जातात, तेवढे पुरते. गणपतीत पुरत नाही, पण त्यावर रायफल हा इलाज नव्हे.

आता ब्रनोचे. प्रत्येक निवडणुकीपूर्वी वडील ती उशीच्या जुन्या अभ्र्यांत गुंडाळून रिक्षाने पोलीस ठाण्यात जमा करीत आणि पावत्या दाभणाने ओवून ठेवीत. ते गेले तेव्हा मी येथे होतो. वारस म्हणून मी केलेल्या अर्जावर आधी आईचे ना हरकत पत्र मागितले, मग वडिलांच्या मूळ परवान्याची साक्षांकित प्रत, आणि अखेरीस ठाणे शहरातल्या माझ्या वास्तव्याचा पुरावा, जो माझ्यापाशी असणे शक्यच नव्हते. रायफल तेव्हापासून एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे आणि तिचे भाडे मी येथून भरतो. गेल्या खेपेस पाहिली तर नळीच्या तोंडाशी बाजरीएवढे गंजाचे ठिपके आले होते. मी फडके मागितले, तेव्हा कागदावर नाव नसल्याने हात लावता येणार नाही, असे अदबीने सांगण्यात आले.

म्हणून तुमची रायफल आणू नका आणि तशीच ठेवूनही येऊ नका. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. तुमचे वडील त्र्याहत्तरीचे आहेत आणि बहीण ऐरोलीतच राहणार आहे. अर्ज तिच्या नावाने नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात करा आणि तिचे शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण तुम्ही तेथे असतानाच उरकून घ्या. सोबत नेमबाजीचे जॅकेट आणि स्पर्धांच्या निकालपत्रिका तेवढ्या आणा. क्रीडा संघटनेकडे पत्र मागायला जाल तेव्हा दाखवायला काहीतरी हाती असेल.