भुयारी स्थानक आणि जुना वाडा

प्रश्न : राजवाड्याजवळच्या गल्लीत आमचा शंभरेक वर्षांचा वाडा आहे. खालचे बांधकाम दगड-चुन्याचे असून वरच्या मजल्याचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर आहे. या भागात मेट्रोचे भुयारी स्थानक व्हायचे आहे, त्यामुळे घरातील सगळे धास्तावले आहेत. खोदाईमुळे वाडा खचेल का? आम्ही आतापासून काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. मात्र बोगदा आणि स्थानक ही दोन वेगळी कामे आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. बोगदा खोदणारे यंत्र जमिनीखालून पुढे सरकते आणि मागे लगेच काँक्रीटची कडी बसवत जाते, त्यामुळे वरच्या घरांना त्याची झळ सहसा कमी पोहोचते. स्थानकासाठी मात्र बहुतेक ठिकाणी रस्त्यावरूनच प्रचंड खड्डा घ्यावा लागतो. त्याच्या कडेने आधी काँक्रीटची भिंत किंवा खांबांची रांग उतरवून मगच आतली माती काढतात. ही कड किंचित जरी आत झुकली किंवा खड्ड्यातील पाणी उपसताना भोवतालच्या भूजलाची पातळी उतरली, तरी लगतची जमीन बसू शकते. कोलकात्याच्या बऊबाजार भागात 2019 साली बोगद्याच्या यंत्राला पाण्याचा थर लागला, पाणी आणि गाळ आत शिरला, वरच्या घरांना तडे गेले आणि रहिवाशांना घरे सोडावी लागली.

तेथील जमीन गाळाची आहे. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. याच जातीच्या कातळातून पुण्यात कसबा पेठ आणि मंडईच्या दाट वस्तीखाली बोगदे काढले गेले, आणि 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला. म्हणून वाडा खचणारच असे मानण्याचे कारण नाही. कातळ फोडताना बसणारे हादरे मात्र चुन्याच्या जुन्या भिंतींना सोसत नाहीत, आणि तेथे खरी दक्षता हवी.

माझ्या मते आपल्या हातातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीची वाड्याची लेखी नोंद. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पाया असलेल्या घरांच्या भेगा त्यामुळे ऋतूप्रमाणे रुंद-अरुंद होत असतात. उद्या भरपाईचा प्रश्न आला, तर ही भेग जुनीच आहे, असे सहज म्हटले जाईल. यासाठी एकदा वैशाखात आणि एकदा पावसाळा सरल्यावर प्रत्येक भेगेशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे, भेग जिथे संपते तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घालावी आणि मोठ्या भेगांवर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवावी. भिंत हलली तर काच तडकते, आणि ते कोणालाही दिसते. आवारात विहीर असल्यास तिच्या पाण्याची पातळीही त्याच वहीत लिहावी.

खोदाईच्या प्रभावक्षेत्रातील इमारतींची पूर्वपाहणी ही अशा कामांतील रूढ पद्धत आहे. पाहणीला माणसे आली की घरातील जाणत्या व्यक्तीने सोबत फिरावे, माळा आणि तुळयांची टोकेही दाखवावीत आणि अहवालाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यावी. भिंतीवर हादरे आणि कल मोजणारी उपकरणे बसवण्याची लेखी मागणीही करता येते. मेट्रो रेल्वे (बांधकामे) अधिनियम, 1978 मध्ये नुकसानभरपाईची तरतूद आहे, आणि दाव्याच्या वेळी हेच कागद उपयोगी पडतात.

डागडुजी करायची असेल तर ती चुन्यातच करावी. घाईने भेगांत सिमेंट भरले तर ओल भिंतीत कोंडते आणि शेजारचा मऊ चुना सुटू लागतो. तुळयांची टोके वाळवीने पोखरली असल्यास तेथे टेकू देण्याचे काम, चुन्याचे बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याला दाखवून, खोदाई सुरू होण्याआधीच उरकावे.