शेणखताची स्प्रेडर ट्रॉली : छोटी घेऊ का मोठी?

प्रश्न : सिन्नर तालुक्यात म्हशींचा गोठा आहे, ट्रॅक्टर ३५ एचपीचा. खत विस्कटायला मजूर मिळत नाही म्हणून स्प्रेडर ट्रॉली घ्यायचीय. कोणती घेऊ, नंतर काळजी काय?

उत्तर : दादा, छोटीच बघा. भरलेली ट्रॉली ओढणं एकवेळ जमतं पण उताराला थांबवणं अवघड, आणि पुढेमागे निफाड-दिंडोरीकडं द्राक्षबागेत भाड्याने द्यायची असेल तर दोन ओळींतून जाईल एवढीच रुंदी पाहिजे. पातळ शेण यात भरू नका, गळतं. कुजलेलं, भुसभुशीत खतच भरा.

खरा त्रास सुतळीचा. गव्हाणीतली सुतळी, तुटलेलं दावं खतात येतं, बीटरच्या (खत फेकणाऱ्या फिरत्या रोलरच्या) शाफ्टला गुंडाळतं आणि हळूहळू बेअरिंगचं सील कापतं. ती काढताना पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, ट्रॉलीचं यंत्र फिरवणारा दांडा) आणि इंजिन दोन्ही बंद, चावी खिशात. शिअर बोल्ट (जास्त जोर आला की गिअरबॉक्स वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर कडक बोल्ट टाकायचा जुगाड नको, मग गिअरबॉक्सच जातो. खत रात्रभर ट्रॉलीत ठेवू नका, पत्रा सडतो. काम झालं की धुवा, वाळली की साखळीला ऑइल आणि बेअरिंगला ग्रीस.

एकरी किती पडतंय बघायला १० बाय १० फुटाची ताडपत्री अंथरा, वरून ट्रॉली चालवा, जेवढे किलो पडेल त्याला ४३५ ने गुणा.