नाताळला भरलेले बाक जानेवारीत रिकामे का? : वाचकांचे प्रश्न

सणासुदीलाच चर्चमध्ये दिसणाऱ्या माणसांविषयी सोलापूर आणि परिसरातल्या मंडळ्यांमधून (एकेका चर्चच्या सभासदांकडून) आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे एरवी रविवारी शंभर-सव्वाशे माणसं असतात. नाताळच्या उपासनेला चारशेच्या वर. जानेवारीच्या पहिल्या रविवारी पुन्हा शंभर. दरवर्षी हेच. आम्ही सजावट करतो, केक वाटतो, पाळकसाहेब मनापासून संदेश देतात. मग चुकतं कुठं? – एक पंच (चर्चच्या कारभारी कमिटीचे सभासद), सोलापूर

उत्तर : आधी तो तीनशेचा आकडा फोडा. ती तीनशे माणसं एकाच कारणानं दूर नाहीत, म्हणून एकाच उपायानं जवळ येणार नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन पंच, महिला मंडळातल्या एक जुन्या सभासद आणि शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या) एक शिक्षिका असे चौघे जण सभासद नोंदवही उघडून दोन तास बसले, तर बहुतेक नावं निघतात. प्रत्येक नावापुढं कारण लिहा. सोलापुरात एक मोठा गट हमखास सापडेल : पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं, जी 24 तारखेला घरी येतात आणि सुट्टी संपली की सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडतात. दुसरा गट शहरातच आहे, पण रविवारी ड्युटीवर : रेल्वेचा रनिंग स्टाफ, परिचारिका, वॉचमन, दुकानातली मुलं. तिसरा गट कशावरून तरी दुखावलेला. चौथा मिश्र विवाहाच्या घरांचा, जिथं नवरा किंवा बायको ख्रिस्ती नाही आणि दर रविवारी निघणं म्हणजे घरात दर रविवारी एक चर्चा.

पहिल्या गटाला जानेवारीत सोलापूरच्या बाकावर शोधण्यात अर्थ नाही. त्यांना पुण्यात ते राहतात त्या भागातल्या मंडळीतल्या एका माणसाचं नाव आणि नंबर द्या, आणि त्या माणसालाही आधी कळवून ठेवा. नुसता चर्चचा पत्ता दिला तर कुणी जात नाही. दारात ओळखीचं कुणी उभं असेल तर जातात. दुसऱ्या गटासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ हवी. बुधवारी किंवा गुरुवारी साडेसात वाजता पाऊण तासाची घरगुती प्रार्थना, वाड्यावस्तीप्रमाणे फिरती. ड्युटीचं वेळापत्रक बदलतं, म्हणून महिनाभराच्या तारखा एकदम सांगा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. नाताळनंतरचा पहिला रविवार बहुतेक मंडळ्यांत वर्षातला सगळ्यात अशक्त रविवार असतो. गायनवृंद थकलेला, अर्धे पंच गावाला, पाळकसाहेब सुट्टीवर, संदेश आयत्या वेळी कुणाच्या तरी गळ्यात. 2026 साली 25 डिसेंबर शुक्रवारी आहे आणि रविवार लगेच 27 ला. शुक्रवारी आलेला माणूस रविवारी पुन्हा आला, तर त्याला काय दिसेल याचा विचार करा. आमचा ठाम सल्ला असा : शब्बाथ शाळेच्या मुलांचा कार्यक्रम 24 किंवा 25 ला न ठेवता 27 ला उपासनेतच ठेवा. ज्या घरातलं मूल नाताळच्या नाटिकेत मेंढपाळ होणार असतं, त्या घरातले आजी-आजोबा, काका, न येणारे वडील असे सगळे येतात. तालमी शनिवारी घ्या, म्हणजे पालकांच्या आणखी दोन-चार फेऱ्या चर्चच्या आवारात होतात. आणि नाताळच्या उपासनेत जाहिरात एकच करा : 27 तारीख, सकाळी 9.30, मुलांचा कार्यक्रम. नऊ जाहिराती वाचल्या तर एकही लक्षात राहत नाही.

नावनोंदणीची चिठ्ठी दारात भरून घेऊ नका. गर्दी तुंबते आणि माणसं तिला वळसा घालून जातात. शेवटच्या आधीच्या गीतापूर्वी दोन मिनिटं थांबून ती बाकावरच भरून घ्या. पोस्टकार्डाएवढा कागद, चारच रकाने : नाव, मोबाइल, राहण्याचा भाग, आणि प्रार्थनेची काही विनंती असल्यास ती. खाली एक चौकोन : ‘फोन केलेला चालेल’. पेन्सिली बाकावर आधीच ठेवा. चिठ्ठ्या दानपिशवीत टाकायला सांगू नका, वेगळी टोपली फिरवा. पैशाच्या पिशवीत आपलं नाव टाकताना माणूस बिचकतो.

त्यानंतर 48 तासांच्या आत फोन. तो पाळकसाहेबांनीच करायला हवा असं नाही. त्यांच्यावर शंभर फोन टाकले तर दहासुद्धा होत नाहीत. एका स्वयंसेवकाकडे तीन घरं, आणि शक्यतो त्याच भागातली, त्याच वयाची. जुळे सोलापुरातल्या नव्या जोडप्याला जुळे सोलापुरातल्याच जोडप्यानं फोन करावा. फोन तीन मिनिटांचा : घरची चौकशी, चिठ्ठीत लिहिलेल्या विनंतीसाठी प्रार्थना केली हे सांगणं, बस. ‘मग रविवारी येताय ना?’ हा प्रश्न पहिल्या फोनवर नको. न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तर मुळीच घालू नका. रोज चाळीस सुप्रभात संदेश आले की माणूस ग्रुपही सोडतो आणि नंबरही म्यूट करतो.

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात एखादा साधा मेळावा घ्या : मुलांचे खेळ, महिला मंडळाचं जेवण. संक्रांतीच्या आसपासचे दिवस टाळा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळं शहरातून येणं-जाणं अवघड होतं आणि आमंत्रण वाया जातं.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, नाताळला घरी येतो. दारातच कुणीतरी म्हणतं, “काय, वाट चुकलात वाटतं?” मागं जागा नसते, पहिल्या बाकावर बसवतात. गीतं आठवत नाहीत. मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, तिला पुस्तकातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. आई म्हणते म्हणून येतो, खरं सांगायचं तर. – एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : तुम्ही आईसाठी येता यात कमीपणा नाही, येत राहा. बाकीचं उत्तर तुमच्यासाठी नाही, मंडळ्यांसाठी आहे.

‘वाट चुकलात वाटतं’, ‘कुठं गायब होता’, ‘आज बरे दिसलात’ ही वाक्यं मायेनंच बोलली जातात. ऐकणाऱ्याला मात्र हजेरी घेतल्यासारखी लागतात. स्वागतासाठी उभ्या राहणाऱ्यांना नाताळच्या आठवडाभर आधी अर्धा तास बसवून हे स्पष्ट सांगा. दारात म्हणायचं ते एवढंच : “सलाम, या. आई कशा आहेत?” नाव आठवत नसेल तर आपलं नाव आधी सांगावं, म्हणजे समोरचा आपसूक स्वतःचं सांगतो. व्यासपीठावरूनही ‘वर्षातून दोनदा येणारे’ असा उल्लेख नको. त्यावर नेहमीचे सभासद हसतात, आणि ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यांना तो दिवस पुढच्या नाताळपर्यंत आठवतो.

बसण्याचं गणित आधी करा. माणशी दीड फूट धरला तर आठ फुटी बाकावर पाच मोठी माणसं नीट बसतात. पण लवकर येणारे नेहमीचे सभासद बाकाच्या कडेला बसतात, आणि उशिरा आलेल्याला त्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागतं. म्हणून नेहमीच्यांनी पुढं आणि बाकाच्या मधोमध बसायचं, हे दोन रविवार आधी सांगा. मागचे चार बाक फीत बांधून उपासना सुरू झाल्यावर दहा मिनिटांपर्यंत राखून ठेवा. चांगले कपडे घातलेल्याला पुढं आणि साध्या कपड्यातल्याला कडेला, असं नकळत होतं का, तेही पाहा. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीच्या चार वचनांत नेमकी हीच चूक सांगितली आहे. बाहेर मांडव घालणार असाल तर मांडवाला स्वतःचे दोन स्वागतक द्या. क्वचित येणारी माणसं उशिरा येतात आणि मांडवातच बसतात. आतल्यांची विचारपूस होते, बाहेरच्यांची होत नाही. चारशेच्या वर माणसं असतील तर एक तुडुंब उपासना करण्यापेक्षा 7.30 आणि 10 अशा दोन बऱ्या. सव्वा तासाची उपासना धरली तरी मध्ये सव्वा तास उरतो, गाड्या निघायला आणि चहाला.

गीतांसाठी उपासनापत्रिका छापा. ए-4 कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. त्यावर गीतांचे फक्त क्रमांक नकोत, पूर्ण शब्द हवेत. अक्षर 14 पॉइंटच्या खाली नको. प्रभूची प्रार्थना पूर्ण छापा. पाठ असलेल्याला कागद लागत नाही, विसरलेल्याला ओठ हलवत बसावं लागत नाही. कुठं उभं राहायचं, कुठं बसायचं हे बारीक कंसात द्या. चारपैकी निदान दोन गीतं सगळ्यांना लहानपणापासून येणारी असावीत. ना. वा. टिळकांच्या भजनी वळणाच्या गीतांना मांडवातली माणसंही टाळी धरतात. गायनवृंदानं वर्षभर बसवलेलं अवघड गीत एकच असावं.

प्रभुभोजन, म्हणजे कम्युनियन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी), असेल तर कुणी घ्यायचं आणि कसं, हे पाळकांनी दोन वाक्यांत आधी सांगावं, आणि जे घेणार नाहीत त्यांनी बाकावर बसून प्रार्थना करावी, त्यात काही वावगं नाही, हेही सांगावं. कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियनचे आणि त्याआधीच्या पापनिवेदनाचे नियम वेगळे आहेत. तिथं नाताळपूर्वीच्या आठवड्यात पापनिवेदनाच्या वेळा सणाच्या पत्रिकेतच छापल्या तर बरेच दिवस न आलेल्यांना परतीची वाट सोपी होते.

प्रश्न : गुड फ्रायडेला आमच्याकडे नाताळपेक्षाही जास्त माणसं येतात. पण दीडनंतर उठून जायला लागतात. – मंडळीचे सचिव, बार्शी

उत्तर : वक्त्यांची वेळ बघा. गुड फ्रायडेची उपासना 12 ते 3 म्हणजे 180 मिनिटं. येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, प्रत्येकी 12 मिनिटांचा संदेश, 5 मिनिटांचं गीत, 3 मिनिटांची प्रार्थना : एकाला 20, सातांना 140. प्रारंभ, दान आणि समाप्तीला 40 उरतात. वक्त्यानं 12 ऐवजी 20 मिनिटं घेतली की नुसते सात उद्गारच 196 मिनिटांवर जातात, आणि सातव्या वक्त्याच्या वाट्याला रिकामे बाक येतात. वक्त्यांना लेखी वेळ द्या आणि पहिल्या बाकावर घड्याळ घेऊन एकाला बसवा.

मार्चअखेर-एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे चाळिशीच्या आसपास पारा असतो. पश्चिमेच्या खिडक्यांना पडदे, दर दहा बाकांमागं पाण्याची सोय, आणि प्रत्येक उद्गारानंतरच्या गीतात ये-जा करण्याची उघड मुभा. ‘एका गीतापर्यंत थांबलात तरी चालेल’ असं आधी सांगितलं की ड्युटीवरून तासाभरासाठी आलेला माणूसही संकोच न करता येतो.

ईस्टरचं म्हणाल तर 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे. त्या दिवशी सोलापुरात सूर्य 6 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास उगवेल. कबरस्थानात पहाटेची उपासना घेत असाल तर 5.45 ला सुरू करा, म्हणजे शेवटचं गीत उजेडात होतं. चर्चची पायरी न चढणारी माणसंसुद्धा आपल्या आई-वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवायला त्या पहाटे येतात. आदल्या शनिवारी तरुण संघानं गवत काढावं, वाटेवर दिवे लावावेत. आणि उपासना संपल्यावर पंचांनी आपापसांत गप्पा मारत उभं न राहता कबरींमधून फिरावं, जिथं एकटं कुणी उभं असेल तिथं थांबावं. त्या वेळी मंडळीबद्दल काही बोलायची गरज नसते. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं, त्यांची एखादी आठवण काढली, एवढं पुरे.

प्रश्न : चार वर्षांची वर्गणी थकली आहे. यादी फलकावर लागते. नाताळला गेलो तर लोक आधी फलक बघतात, मग आमच्याकडे. म्हणून आता जात नाही. – एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र आम्ही अनेक मंडळ्यांच्या वतीनं वाचलं आणि वाईट वाटलं. थकबाकीची यादी फलकावर लावू नये, सणाच्या दिवशी तर नाहीच. वर्गणीची नोंद खजिनदारांच्या वहीत असते. ती तिथंच राहावी. थकबाकीचं बोलणं घरी जाऊन, एकट्यानं नाही तर खजिनदार आणि एक पंच अशा दोघांनी करावं, आणि पहिला प्रश्न ‘घरात सगळं ठीक आहे ना’ हा असावा. काम गेलं असेल, आजारपण असेल, तर पंच कमिटीनं ठराव करून मागली रक्कम माफ करावी आणि पुढं जमेल तेवढी महिन्याची रक्कम ठरवावी, मग ती दहा रुपये का असेना. ठरावात नाव न घालता सभासद क्रमांक लिहिता येतो.

सगळ्यात जास्त माणसं दुरावतात ती अंत्यविधीच्या वेळी. घरात मयत असताना ‘आधी बाकी भरा’ हे ज्या घरानं ऐकलं, ते घर दोन पिढ्या येत नाही. मंडळीच्या नियमावलीत एक ओळ स्पष्ट हवी : दफनविधी कोणत्याही थकबाकीमुळं अडवला जाणार नाही. वार्षिक सभेत ही सूचना कोणताही सभासद मांडू शकतो. तुम्ही तुमच्या भागातल्या पंचांना हे पत्र दाखवा. आणि या नाताळला एखाद्या मैत्रिणीसोबत या. दोघी असलात की फलकासमोरून जाणं सोपं पडतं.

प्रश्न : नाताळच्या संध्याकाळी गव्हाणीचा देखावा पाहायला शेजारपाजारचे हिंदू, मुस्लिम कुटुंबीय येतात. त्यांच्यासाठी काय करावं? – तरुण संघ, मोदी परिसर, सोलापूर

उत्तर : 5 ते 8 दार उघडं ठेवा, देखाव्याजवळ मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारा एकेक जण उभा करा. मेंढपाळ कोण, पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी लोक) कोण, हे मुलं विचारतात, तेवढं सांगा. चपलांसाठी दोरीनं आखलेली जागा, आत-बाहेर जायला दोन वेगळी दारं, फराळाची पुडी आधीच बांधलेली. नावनोंदणीची चिठ्ठी त्यांना देऊ नका, नंबर मागू नका. ते शेजारी म्हणून आले आहेत, तसेच जाऊ द्या. दिवाळीत, ईदला तुम्हीही त्यांच्याकडे जा.