रानातल्या गप्पा : आज्जा मला सशाला न्यायचा, मी पोराला कुठं नेऊ?

थंडी पडली की आपल्या सोलापुरात दोन गोष्टी सुरू होतात, एक हुरडा आणि दुसरी शिकारीच्या गप्पा, आणि या वेळी आलेले मेसेज बघितले तर निम्म्याहून जास्त शिकारीचेच निघाले. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो, गाव मोहोळ तालुक्यात. लहानपणी आज्जा रात्री बॅटरी आणि दोन कुत्री घेऊन मला सशाला न्यायचा, कधी पहाटे तित्तराला. आमच्यात त्याचं काही कौतुक नव्हतं, शेताला पाणी द्यायला जावं तसंच ते. आता माझा मुलगा बारा वर्षाचा आहे आणि दिवसभर मोबाईल. त्याला एअरगन घेऊन द्यावी आणि रविवारी गावाकडच्या रानात न्यावं असं मनात आहे. बायको म्हणते जेलात जाशील. कोण बरोबर?

उत्तर : वहिनी बरोबर. आधीच सांगून टाकतो म्हणजे घरात शांतता.

वन्यजीव कायदा 1972 चा. सुरुवातीला त्यात लायसन काढून काही जनावरांची शिकार करता यायची, म्हणून आज्जाच्या पिढीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं (आणि खेड्यात लायसन कुणी बघितलं होतं म्हणा). 1991 ला कायदा बदलला आणि ती लायसनची सोयच गेली. आता ससा, तित्तर, लावा, हरण, सगळं त्यात आलं. आणि शिकार म्हणजे जीव घेणं एवढंच नाही बरं का, फास लावला, कुत्री मागं सोडली, आमिष टाकलं, पक्ष्याची अंडी फोडली, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच, आणि नुसता प्रयत्न केला तरी तेच. म्हणजे "छर्रा लागलाच नाही साहेब, उडून गेलं" असं सांगून सुटका नाही. काळवीट किंवा माळढोक पक्षी असल्या, कायद्याच्या पहिल्या यादीतल्या जीवाला मारलं तर 3 ते 7 वर्षं आत.

झालं कायद्याचं. आता आज्जाचं.

माझा चुलता असाच नादी होता, त्याच्या मागं मी पाच-सहा हिवाळे फिरलोय. सशाचं कालवण खाल्लंय, चांगलं लागायचं, खोटं कशाला बोलू. पण दहा वेळा गेलो तर सात-आठ वेळा हात हलवत परत यायचो आणि तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तयार. चुलता रानात एक शब्द बोलायचा नाही, खुणेनंच सगळं. वारं तोंडावर घे, नाहीतर तुझा वास आधी जातो. वाळल्या गवतात पाय घासू नको, उचलून टाक. खोकला आला तर टॉवेल तोंडात. थांब म्हटलं की थांबायचं, मग कुसळं टोचोत नाहीतर मुंग्या चावोत. बंदूक काय ती शेवटच्या दोन सेकंदांची, त्याच्या आधीचे चार तास सगळे चालण्यात, बसण्यात आणि जमिनीकडं बघण्यात जायचे, आणि त्या चार तासांवर आजही कुणाची बंदी नाही.

तर असं करा, रविवारी पहाटे पाचला पोराला उठवा (भांडण होईल, होऊ द्या) आणि उजाडायच्या आत माळावर पोचा. तुमच्या गावचा पडीक माळ असेल तर उत्तमच. नसेल तर बार्शी रोडला विसेक किलोमीटरवर नान्नज आहे, पुढं मार्डीकडचा भाग आहे. तिथल्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर फॉरेस्टवाल्यांना विचारूनच जा, पण बाहेरच्या माळावर सुद्धा बघायला काय कमी नाही.

पोराला नुसतं "बघ बघ निसर्ग" म्हणू नका, दहा मिनिटात कंटाळेल. त्याला काम द्या. काळविटाचा नर हद्द दाखवायला एकाच जागी लेंड्या टाकत राहतो, त्याचा ढीग शोध म्हणा, ताज्या लेंड्या ओल्या चकचकीत असतात, जुन्या पांढुरक्या. लांडग्याच्या विष्ठेत केस आणि हाडाचे तुकडे दिसतात, काडीनं उकलून बघायला सांगा, या वयात पोरांना असली घाण लई आवडते. तित्तर ओरडला की आवाज कुठल्या बाजूनं आला ते बोटानं दाखवायला लावा, चार वेळा चुकेल, पाचव्यांदा बरोबर दाखवेल. धाविक पक्षी पळतो-थांबतो, पळतो-थांबतो, आणि थांबला की मातीत असा मिसळतो की समोर असून दिसत नाही, तो ज्याला आधी दिसला त्याला नाष्ट्याला जास्तीचं भजं. आणि संध्याकाळी जाणार असाल तर भोवत्या बघा, हे शिकारी पक्षी पार कझाकस्तानकडून इथं हिवाळ्याला येतात आणि झाडावर न बसता गवतात, जमिनीवरच झोपतात, अंधार पडायच्या आधी एकेक करून उतरायला लागले की पोरगं मोबाईल काढेल पण फोटो काढायला, तेवढं चालतंय.

माळढोक मात्र दिसेल म्हणून सांगू नका त्याला. 1979 ला अभयारण्य झालं तेव्हा कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, नंतर कमी करून 1,222 वर आणलं. मधल्या काळात जमिनीचे व्यवहार अडकले की लोक त्या बिचाऱ्या पक्ष्यालाच शिव्या घालायचे. मादी सहसा एकच अंडं घालते, ते पण उघड्या जमिनीवर, मग संख्या वाढणार कशी. आता एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते.

एअरगनच्या पैशात बरी दुर्बीण येईल, 8 बाय 42 ची बघा. आणि रात्री बॅटरी घेऊन फिरण्याची हौस राहिली असेल तर ती सोडाच, हल्ली रानात रात्री बॅटरी दिसली की लोकांना पंपाची केबल चोरणारे आले असं वाटतं, आणि मग कोण कुणाची शिकार करेल सांगता येत नाही.

प्रश्न : एअरगनला लायसन लागत नाही असं दुकानदार म्हणाला, मग घरामागच्या पारव्यावर मारली तर काय बिघडलं?

उत्तर : साध्या एअरगनला लायसन लागत नाही ही गोष्ट बंदुकीबद्दल झाली, समोरच्या पक्ष्याबद्दल दुकानदार काही बोलला नाही ना? टिनचे डबे ओळीनं लावा आणि नेम धरा. मागं भिंत पाहिजे आणि भिंतीमागं शेजारी नको.

प्रश्न : उत्तर सोलापूर तालुक्यात आमची सहा एकर आहे. हरणं कळपानं येतात आणि ज्वारीचा कोवळा पाला खाऊन जातात, डुकरं तर नुसती लोळतात. भावकीतले म्हणतात रात्री तारेत करंट सोडा. मालक तयार आहेत, मला भीती वाटते. काय करावं?

उत्तर : मावशी, तुमची भीती बरोबर आहे, मालकांना हे वाचून दाखवा. आपल्याकडं शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते, म्हणजे रात्री दोन वाजता रानात कोण असतं? हरीण असतं आणि मोटर चालू करायला आलेला शेजारचा पोरगा असतो. तारेला दोघं सारखेच. अशात माणसं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि मग गुन्हा वन्यजीवाचा नाही, मनुष्यवधाचा लागतो.

जुने उपाय पूर्ण चालत नाहीत हे मलाही माहीत आहे. जुन्या साड्या बांधावर लावल्या की हरणं चार-सहा दिवस बिचकतात, मग सवय होते, म्हणून जागा आणि रंग बदलत राहायचं. मचाण बांधून राखण केली तर सगळ्यात चांगलं, पण जागायला माणूस कुठून आणायचा? गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांनी पाळ्या लावल्या तर जमतं, आमच्या गावात दोन वर्षं जमलं, तिसऱ्या वर्षी भांडणं झाली आणि मोडलं. नुकसान झालं की लगेच, म्हणजे त्याच दिवशी, मोबाईलवर फोटो काढा, पिकाचे, खुरांच्या ठशांचे, लेंड्यांचे, आणि नुकसानभरपाईचा अर्ज फॉरेस्टकडं टाका, पंचनामा झाल्याशिवाय काही मिळत नाही. फॉरेस्टचा हेल्पलाईन नंबर 1926. मिळणारी रक्कम आणि त्यासाठीचे हेलपाटे याचा हिशोब केला तर चिडचिड होते, तरी अर्ज टाका, कारण कागदावर नुकसान दिसलंच नाही तर साहेब म्हणणार तुमच्या भागात काही त्रासच नाही.

प्रश्न : शिकार नाही तर नाही, गळ टाकून मासे धरलेले चालतात का? हिप्परग्याच्या तलावावर जायचा विचार आहे.

उत्तर : हा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मी स्वतः याच नादाचा. तलावातली मासेमारी बऱ्याच ठिकाणी ठेक्यानं दिलेली असते, म्हणून काठावर बसण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारायचं, नुसता एक गळ घेऊन बसणाऱ्याला बहुतेक वेळा कुणी काही म्हणत नाही पण विचारणं बरं. चहा पाजला तर मासा कुठं लागतोय ते पण सांगतात. उजनी धरणाच्या काठाला, करमाळ्याच्या बाजूला, हल्ली चिलापीच जास्त लागते, गांडूळ लावा नाहीतर कणकेचा गोळा. 117 टीएमसीचं पाणी आहे ते, वारं सुटलं की काठावर लाटा येतात, लहान मुलांना सांभाळून.

एक गोष्ट मात्र पाळा. पावसाळ्यात पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा झुबका हलताना दिसला तर त्याच्या खालीच मरळ असते, आई-बाप पिल्लांना राखत फिरतात, आणि त्या वेळी ती समोर दिसेल त्याच्यावर झेप घेते म्हणून धरायला फार सोपी. तिथं गळ टाकू नका. एक मरळ तुम्ही खाल आणि तो झुबका दुसरे मासे संपवून टाकतील. हिप्परग्याला हिवाळ्यात बदकं-बिदकं येतात, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तुटला तर काठावर टाकू नका, खिशात घालून घरी आणा, पक्ष्यांच्या पायात अडकतो.

प्रश्न : घोरपडीचं तेल कंबरदुखीला चालतं का? ओळखीतला एकजण देतो म्हणतोय.

उत्तर : नाही. घोरपड पहिल्या यादीत आहे, तेलाची बाटली घरात सापडली तरी अडकाल. कंबरेसाठी हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. आमच्या वर्गात एकजण म्हणाला "रानातली जनावरं पारध्यांनी संपवली". मला पटलं नाही पण उत्तर देता आलं नाही.

उत्तर : मग हे सांग त्याला. अक्कलकोटला राजवाड्यातलं शस्त्रागार बघून ये म्हणावं, तलवारी-बंदुका बघितल्या की संस्थानिकांच्या हातात काय काय होतं ते कळतं. कोल्हापूर दरबारी तर पाळलेले चित्ते सोडून काळविटाची शिकार व्हायची, त्यासाठी चित्तेवान नोकरीला होते. फासेपारध्याकडं काय होतं? केसाचा फास. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून चालत पाखराजवळ जायचे, म्हणून ते नाव. पोटापुरतं धरायचं आणि दोन पाखरं बाजारात विकायची.

आणि गुन्हेगार कोण ठरलं? इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं, आपल्या सोलापुरातच ती वसाहत होती, तू रोज रिक्षावाल्याला "सेटलमेंट" म्हणतोस ना, ते नाव त्यातलंच. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कागदावरून गेला. माळ मात्र नंतरही कमीच होत गेला, नांगराखाली गेला, ऊसाखाली गेला, प्लॉटिंगमध्ये गेला, आणि त्यातला एकही प्लॉट पारध्यानं पाडलेला नाही. पारध्यांनी कधी काही मारलंच नाही असं पण म्हणू नको, मारलं, आणि आज मारलं तर गुन्हा आहे. पण माळावरची पाखरं जेवढी त्यांना माहीत तेवढी मला वीस वर्षं फिरून नाहीत.

प्रश्न : हुरडा पार्टीला गेलो की कुत्रा पण नेतो, माळावर मोकळा सोडला तर खूश असतो. चालतंय ना?

उत्तर : शेतात, तुमच्या नजरेसमोर, चालतंय. माळावर दोरी सोडू नका. तित्तर, टिटवी, चंडोल, सगळ्यांचा संसार जमिनीवर, आणि कुत्र्याला नाक दिलंय देवानं, तो शोधणारच. वर सांगितलं तसं, सोडलेला कुत्रा सशामागं लागला तर तुम्ही शिकारीला आलात असंच कुणीही म्हणेल. आमचा मोत्या मी आधी गाडीत ठेवायचो, तर तो काचेतून भुंकून सगळ्या माळाला आम्ही आल्याचं कळवायचा. आता घरीच ठेवतो. परत आलो की माझे बूट हुंगतो, कुठं कुठं जाऊन आलो ते सगळं त्याला कळतं, आणि मग संध्याकाळपर्यंत माझ्याकडं पाठ करून बसतो.