नुरा कुस्ती की सोंग?

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा दरवर्षीचा मोठा कार्यक्रम म्हणजे रेसलमेनिया. त्याबद्दल प्रश्न असा आला आहे : 'रेसलमेनियातल्या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो. मग त्यांना मराठीत नुरा कुस्ती म्हणायला काय हरकत आहे?'

माझ्या मते हरकत आहे, आणि चांगलीच मोठी आहे. नुरा कुस्ती म्हणजे पैलवानांनी आतून संगनमत करून लढलेली, पण लोकांपुढे खरी म्हणून मांडलेली कुस्ती. जत्रेत निकाली कुस्ती जाहीर झालेली असते, इनाम बोललेलं असतं, हलगी कडाडत असते आणि जोड मात्र नुसती खडाखडी करत वेळ काढते. फडावरच्या जाणत्यांना ते कळतं आणि ते चिडतात. शब्दाचा सगळा जोर या फसवणुकीवर आहे. सत्ताधारी आणि विरोधक यांच्या लुटूपुटूच्या भांडणाला वर्तमानपत्रं नुरा कुस्ती म्हणतात, तेही त्याच अर्थाने.

आता रेसलमेनिया पाहा. पहिला ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला; मुख्य लढतीला पंचांमध्ये खुद्द मुहम्मद अली होता. पण लोकांच्या मनात घर केलं ते तिसऱ्याने. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं पाँटिअ‍ॅक सिल्व्हरडोम, प्रेक्षकांचा जाहीर केलेला आकडा ९३,१७३ (त्यावर अजून वाद घालणारे आहेत). हल्क होगनसमोर आंद्रे द जायंट : जाहिरातीप्रमाणे उंची ७ फूट ४ इंच, वजन ५२० पौंड. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला गेला, पाठ वाकली आणि आंद्रे त्याच्या अंगावर कोसळला. पंचाने जमिनीवर तीन थापा मारल्या की हार; तिसरी पडता पडता राहिली. शेवटी होगनने तो डोंगर उचलून आपटलाच. आंद्रेच्या पाठीवर थोड्याच काळापूर्वी शस्त्रक्रिया झाली होती, कपड्यांखाली पट्टा होता, आणि त्याने स्वतः अंग दिल्याशिवाय त्याला उचलणं शक्य नव्हतं. निकाल ठरलेला होता. ते वजन खरं होतं, ती दुखरी पाठही. याला नुरा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

जाता जाता आपल्याकडच्या एका शब्दाबद्दल. दारासिंग आणि किंग काँग या पैलवानांच्या काळात मुंबईत अशा कुस्त्यांची जाहिरात 'फ्रीस्टाईल' म्हणून व्हायची. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक मिळवलं तेही फ्रीस्टाईलमध्येच, पण तो ऑलिंपिकचा शिस्तबद्ध प्रकार. आज आपण 'दोन गटांत फ्रीस्टाईल हाणामारी' लिहितो, तेव्हा डोळ्यांपुढे खाशाबा नसतात, दारासिंगचं रिंगण असतं.

तर मग रेसलमेनियातल्या कुस्तीसाठी शब्द कोणता? या धंद्यातली माणसं आपसात 'केफेब' म्हणतात. रिंगणातलं नातं बाहेरही तसंच दाखवायचं, वैऱ्याने वैऱ्याबरोबर चारचौघांत जेवायचंसुद्धा नाही. त्याच १९८७ साली आयर्न शेख आणि जिम डगन हे रिंगणातले हाडवैरी एका गाडीतून जाताना पोलिसांना सापडले, तर केवढा गहजब झाला! आपल्याकडे हे काम बहुरूपी करत आला आहे. फौजदाराच्या वेषात दारात उभा राहून 'तुमच्या नावाचं वॉरंट आहे' म्हणतो. घरातल्यांनी ओळखलेलं असतं, तरी आजी पदर सावरते, पोरं दाराआड लपतात, आणि पैसे हातात पडेपर्यंत तो आवाज बदलत नाही. म्हणून माझी सूचना : केफेब पाळणं म्हणजे सोंग राखणं, आणि केफेब तोडणं म्हणजे सोंग मोडणं.

रेसलमेनियाच्या कंपनीनेही एकदा सोंग मोडलं. १९८९ साली न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढे तिने कबूल केलं, की आमची ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. खेळांवर लागणारे नियम आणि कर चुकवायचे होते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही आपली म्हण तिथे किती चपखल बसते!

फक्त क्रियापद जपून वापरा. 'सोंग करतो' म्हटलं, की ढोंगाचा वास येतो. 'सोंग वठवलं' ही दाद असते. बहुरूप्याला देतो तीच आंद्रेलाही द्यावी.